पाळकांचा स्वभाव आणि शास्त्राचा अर्थ: एकच उतारा चार जण चार तऱ्हांनी का वाचतात

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ सगळ्यांसाठी एकच असतो. उपदेश सुरू झाला की मात्र कळतं, पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, त्यातलं काय उचललं आणि काय वाचूनही सोडून दिलं. ही निवड पंथावर, शिक्षणावर, वाचलेल्या भाष्यग्रंथांवर ठरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात पाळकाच्या स्वभावाचाही हात असतो, हे आता ब्रिटनमधल्या संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. हे काम मुख्यतः दोघांनी उभं केलं. लेस्ली फ्रान्सिस हे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) पाळक आणि धर्माच्या मानसशास्त्राचे अभ्यासक. अँड्र्यू व्हिलेज हेही अँग्लिकन पाळकच, पण धर्मशास्त्राकडे वळण्याआधी पक्ष्यांवर संशोधन करणारे. निरीक्षण आणि मोजणी यांची सवय त्यांच्या कामात दिसते.

या विषयाचा सगळा पाया कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. युंग यांच्या मते मन सतत दोन कामं करत असतं: बाहेरची माहिती आत घेणं आणि त्या माहितीवर निर्णय करणं. दोन्ही कामांसाठी प्रत्येकी दोन वाटा आहेत.

माहिती घेण्याची पहिली वाट सेन्सिंगची, म्हणजे समोर जे आहे ते जसंच्या तसं टिपणं: रंग, आकडे, क्रम, कोण कुठे उभं होतं. दुसरी वाट इंट्यूशनची. इथे तपशिलापेक्षा त्यामागचा अर्थ, संबंध आणि शक्यता आधी दिसतात. निर्णयाच्या वाटाही दोन. फीलिंगचा कल असलेला माणूस आधी विचारतो की यात माणसांचं काय होतंय, कोणती मूल्यं पणाला लागली आहेत. थिंकिंगचा कल असलेला माणूस आधी विचारतो की हे सुसंगत आहे का, न्याय्य आहे का, पुरावा काय. याशिवाय अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी आहे. इझाबेल ब्रिग्ज मायर्स आणि त्यांच्या आई कॅथरिन ब्रिग्ज यांनी नीटनेटकं ठरवून वागणारे आणि मोकळं ठेवणारे अशी चौथी जोडीही घातली. पण शास्त्राच्या वाचनाशी सर्वांत जवळचा संबंध पहिल्या दोन जोड्यांचा आहे, म्हणून पुढे त्यांच्यावरच भर दिला आहे.

दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवेत. फीलिंग म्हणजे हळवेपणा नव्हे आणि थिंकिंग म्हणजे कोरडेपणा नव्हे. दोन्ही निर्णय करण्याच्या शिस्तशीर पद्धतीच आहेत. दुसरं, हा कल आहे, कुवत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या हाताने लिहिता येतंच, फक्त वेळ लागतो आणि अक्षर वेडंवाकडं येतं. स्वभावाच्या कमी वापरातल्या बाजूचंही तसंच असतं. ती असते, पण तिला मुद्दाम कामाला लावावं लागतं. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

आता आकडे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधले ६२६ पुरुष आणि २३७ स्त्री अँग्लिकन पाळक तपासले. इंट्यूशनचा कल पुरुषांत ६२ टक्के आणि स्त्रियांत ६५ टक्के निघाला. ब्रिटनच्या सर्वसाधारण लोकसंख्येत चित्र नेमकं उलटं आहे: ७३ टक्के पुरुष आणि ७९ टक्के स्त्रिया सेन्सिंगच्या बाजूला. चर्चमध्ये येणाऱ्या माणसांत तर हे प्रमाण त्याहूनही थोडं जास्त सापडलं, पुरुषांत ७८ आणि स्त्रियांत ८१ टक्के.

म्हणजे व्यासपीठावर बहुधा अर्थ आणि शक्यता शोधणारा माणूस उभा असतो, आणि समोरच्या बाकांवरचे दहापैकी आठ जण काय घडलं, कुठे घडलं, किती आणि कसं हे ऐकायला बसलेले असतात. पाळक मनापासून बोलतो, मंडळी मनापासून ऐकते, आणि तरी कित्येकांच्या हाती घरी न्यायला काही लागत नाही. ‘उपदेश छान होता, पण नेमकं काय सांगितलं?’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. अभ्यास कमी पडला असं समजून पाळक आणखी भाष्यं वाचतो आणि आणखी वर, आणखी अमूर्ताकडे जातो. रोग वाढतो.

दुसऱ्या जोडीचंही पाहा. त्याच अभ्यासात फीलिंगचा कल पुरुष पाळकांत ५४ टक्के आणि स्त्री पाळकांत ७४ टक्के होता. लोकसंख्येतल्या पुरुषांत तो फक्त ३५ टक्के आहे. त्यामुळे ‘हे खरं कशावरून?’ असं विचारणारा माणूस, विशेषतः पुरुष, मंडळीत एकटा पडू शकतो. त्याच्या प्रश्नाला उत्तराऐवजी आधार मिळतो. आधार चांगलाच असतो, पण त्याने मागितलेला नसतो.

स्वभावाचा परिणाम थेट वाचनावर होतो का, हे तपासण्यासाठी व्हिलेज यांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, ९व्या अध्यायातला १४ ते २९ वचनांचा उतारा घेतला. बाप आपल्या आजारी मुलाला आणतो, शिष्यांना त्याला बरं करता येत नाही, येशू त्याला बरं करतो. यूकेमधल्या नुकत्याच दीक्षा झालेल्या ७१८ अँग्लिकन पाळकांनी हा उतारा वाचला आणि अर्थ सांगणाऱ्या वाक्यांच्या जोड्यांतून आपल्याला भावणारं वाक्य निवडलं. प्रत्येक वाक्य एकेका कलाला जवळचं वाटेल असं रचलेलं होतं. निवड आणि स्वभाव यांचा मेळ दोन्ही जोड्यांत दिसला. महत्त्वाचं म्हणजे, पाळक शास्त्राबद्दल किती सनातनी मताचा आहे आणि त्याचा करिश्माई अनुभव (पवित्र आत्म्याच्या वरदानांचा अनुभव) किती आहे हे हिशेबात धरून वेगळं काढल्यावरही तो मेळ टिकून राहिला. याआधी ११ चर्चमधल्या ४०४ सामान्य सभासदांवर असाच प्रयोग झाला होता आणि तिथेही स्वभावाचा ठसा आढळला होता. पाळकांवरच्या निष्कर्षाचं वजन वेगळं आहे. त्यांचं धर्मशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं असतं, आणि त्या शिक्षणानेही स्वभाव पुसला जात नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एकाच उताऱ्यावर पाहू. मार्कचा ६वा अध्याय, वचनं ३४ ते ४४: पाच भाकरी आणि दोन मासे यांत येशू पाच हजार पुरुषांना जेवू घालतो तो प्रसंग.

सेन्सिंगच्या नजरेने वाचणारा आधी जागा पाहतो. ठिकाण ओसाड आहे, दिवस कलला आहे. गवत हिरवं आहे, आणि मार्कने हे मुद्दाम नोंदवलं आहे. गालीलात गवत हिरवं असतं ते हिवाळ्यातल्या पावसानंतर, वसंतात. योहानाचं शुभवर्तमान याच प्रसंगी वल्हांडण हा यहुद्यांचा वसंतातला सण जवळ आला होता असं सांगतं, ते याच्याशी जुळतं. लोक शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासच्या पंक्तींनी बसतात. शिष्य २०० दिनारांचा हिशेब काढतात. मजुराची एका दिवसाची मजुरी साधारण एक दिनार, म्हणजे एका मजुरीत २५ पुरुषांचं पोट भरायचं. उरलेल्या टोपल्या १२. असा तपशील ऐकणाऱ्याला त्या माळावर नेऊन बसवतो.

इंट्यूशनचा वाचक तोवर दुसरीकडे पोचलेला असतो. मेंढपाळ नसलेली मेंढरं आणि हिरवं गवत हे शब्द त्याला ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या २३व्या स्तोत्राकडे नेतात. ओसाड जागेतली भाकरी म्हणजे रानातला मान्ना, मोशेच्या काळी देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न. घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, दिली हा क्रम पुढे १४व्या अध्यायात शेवटच्या भोजनात जसाच्या तसा येतो. एक फार मोलाची गोष्टही त्याच्याच नजरेत भरते: याच अध्यायात जरा आधी गालीलचा सत्ताधीश हेरोद याची मेजवानी आहे. तिथे राजवाडा, मानकरी पाहुणे आणि शेवटी ताटात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर. इथे माळरान, भुकेले लोक आणि सगळ्यांना पुरून उरलेली भाकरी. मार्कने या दोन मेजवान्या शेजारी-शेजारी का ठेवल्या, हा प्रश्न तपशील मोजत बसणाऱ्याला सहसा पडत नाही.

फीलिंगच्या वाचकाला माणसं दिसतात. शिष्य दमून आलेले आहेत. थोडं आधीच म्हटलं आहे की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. विश्रांतीसाठी निघालेल्यांच्या वाट्याला पाच हजारांची पंगत वाढणं येतं. येशूला लोकांचा कळवळा येतो, पण ‘तुम्हीच त्यांना खायला द्या’ हे वाक्य त्या थकलेल्या शिष्यांच्या कानांवर कसं पडलं असेल? सेवेत खचलेल्या माणसाला या उताऱ्यात स्वतःची जागा सापडते ती इथे.

थिंकिंगचा वाचक थांबून विचारतो: तेव्हा झालं तर आज भुकेल्यांसाठी का होत नाही? जबाबदारी कुणाची, देवाची की शिष्यांची? मोजणी फक्त पुरुषांची का? मत्तय तर स्त्रिया व मुलं सोडून पाच हजार असं स्पष्ट म्हणतो. ‘सगळ्यांनी लपवलेल्या शिदोऱ्या बाहेर काढल्या’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण तो उचलतो आणि वचनं पुन्हा तपासून बाजूला ठेवतो, कारण मजकुरात त्याला आधार नाही. ही तपासणी झाली नाही तर हेच स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या उपदेशातून फिरत राहतं.

या चारही वाटा उपदेशात आणायच्या, हे फ्रान्सिस आणि व्हिलेज यांच्या पद्धतीचं सार. चार इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सिफ्ट म्हणतात. क्रम ठरलेला आहे: सेन्सिंग, इंट्यूशन, फीलिंग, थिंकिंग. आधी पाहायचं, मग ठरवायचं. हा क्रम मोडावासा वाटतो आणि तो मोडला की पद्धतच मोडते. ‘हा उतारा उदारतेबद्दल आहे’ असा निर्णय आधी झाला, की मग गवत, पंक्ती, हेरोद काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त निर्णयाला लागणारा पुरावा.

तयारी अशी करता येते. चार कोरे कागद घ्या. उतारा दोनदा मोठ्याने वाचा, भाष्यग्रंथ बंद ठेवून. पहिल्या कागदावर फक्त मजकुरात आहे तेच लिहा: ठिकाण, वेळ, माणसं, संख्या, क्रियापदं, आवाज, वास. ‘म्हणजे’ हा शब्द या कागदावर आला की समजा तुम्ही वाट सोडली. ते वाक्य खोडून दुसऱ्या कागदावर न्या. दुसऱ्या कागदावर आठवणारे इतर उतारे, प्रतिमा, आजचे संदर्भ लिहा, आणि प्रत्येकापुढे तो पहिल्या कागदावरच्या कोणत्या शब्दावरून सुचला ते लिहा. शब्द सापडला नाही तर तो दुवा बहुधा तुमचा आहे, उताऱ्याचा नाही. तिसऱ्यावर प्रत्येक पात्राच्या जागी उभं राहून दोन-दोन ओळी लिहा, नाव नसलेल्या पात्रांच्याही. चौथ्यावर निदान तीन प्रश्न हवेत, ज्यांची उत्तरं तुम्हाला या घडीला येत नाहीत.

प्रत्येक कागदाला १५ मिनिटं पुरतात. जो कागद सर्वांत लवकर भरतो तो तुमचा कल. जिथे पेन अडतं तिथे आणखी १० मिनिटं बसा. आठवड्याच्या तयारीत याहून कामाची १० मिनिटं सापडणार नाहीत. भाष्यग्रंथ उघडायचे ते यानंतर.

उपदेश १२ मिनिटांचा असेल तर चौघांना तीन-तीन मिनिटं वाटून देऊ नका. ऐकणाऱ्यांना जोड लावलेली कळते. समोर बहुसंख्य सेन्सिंगचे असतात म्हणून पहिली चार मिनिटं प्रसंगाला द्यावीत. पुढे एकच दुवा पुरे. हेरोदाची मेजवानी घेतली तर मान्ना आणि शेवटचं भोजन त्या दिवसापुरतं सोडावं. इंट्यूशनच्या पाळकाला सगळ्यांत जड जातं ते हेच. तीन सुंदर दुवे एकाच उपदेशात आले की त्यातला एकही मंडळीच्या लक्षात राहत नाही.

उताऱ्यांची निवड पाळकाच्या हाती नसते तिथे ही पद्धत अधिकच उपयोगी ठरते. अनेक चर्चेस वापरतात त्या तीन वर्षांच्या पाठक्रमात मार्कच्या वर्षी मार्कमधला भाकरींचा प्रसंग गाळला जातो आणि सलग पाच रविवार योहानाचा ६वा अध्याय येतो. पाचही आठवडे भाकर! पाळक आपल्याच कलाने वाचत राहिला तर पाच रविवार एकच उपदेश होतो. प्रत्येक रविवारी वेगळ्या कागदावर भर दिला तर तोच अध्याय दर वेळी नवा वाटतो.

पाळकांच्या गटात ही गोष्ट अनुभवायची असेल तर गट समान कलाचे करावे लागतात. मिश्र गटात जो जोरात बोलतो त्याचा कल जिंकतो आणि फरक दिसतच नाही. आधी सेन्सिंग आणि इंट्यूशन असे वेगळे गट करून त्यांना विचारा: या उताऱ्यात तुम्हाला काय दिसतं, मनात काय उजळतं? नंतर गट मोडून फीलिंग आणि थिंकिंगप्रमाणे नवे करा आणि विचारा: यात मनाला काय भिडतं, बुद्धीला काय आव्हान देतं? प्रत्येक गटात पाच-सहा जण आणि शब्दशः टिपणारा एक लेखनिक. शेवटी सगळ्यांसमोर वाचन. अडचण ठरलेली असते: पाळकांत सेन्सिंगचे कमी, त्यामुळे त्यांचा गट लहान पडतो आणि आपलं निरीक्षण फारच साधं आहे असं त्यांना वाटू लागतं. त्यांना आधी बोलू द्यावं.

चारही वाटांना आपापले खड्डे आहेत. सेन्सिंगचा पाळक तपशिलात अडकतो. मत्तय आणि मार्क यांच्या आकड्यांतला फरक समजावता-समजावता वेळ संपते. इंट्यूशनचा पाळक मजकुरात नसलेलं आत आणतो. मार्कच्या प्रसंगावर बोलताना डबा घेऊन आलेल्या मुलाचा उल्लेख हमखास होतो, आणि तो मुलगा मार्कमध्ये नाहीच. तो फक्त योहानात आहे, आणि त्याच्या भाकरी जवाच्या आहेत. थिंकिंगचा पाळक प्रश्न सोडवल्याच्या समाधानात माणसाला विसरतो.

फीलिंगचा पाळक कठोर वचनांना बगल देतो. मार्कच्या ११व्या अध्यायात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि मार्क स्वतःच सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. थिंकिंगचा वाचक तिथेच अडतो: मग झाडाचा दोष काय? फीलिंगच्या वाचकाला तो प्रसंगच नकोसा होतो आणि तो मंदिराच्या शुद्धीकरणाकडे निघून जातो. पण मार्कने शापाची गोष्ट दुभंगून तिच्या मध्ये मंदिराचा प्रसंग ठेवला आहे. झाड सोडलं की मंदिराचा अर्थही अर्धा सुटतो. अशा ठिकाणी आपल्याला टोचणारं वचनच उपदेशाच्या मध्यभागी ठेवावं.

स्वभावाच्या या मापनावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते पाळकांनी जाणून घ्यायला हवेत. बहुतेक माणसांचे गुण दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात. त्यांना या किंवा त्या खणात टाकलं की थोड्या फरकाने शिक्का बदलतो. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर अनेकांचा प्रकार वेगळा निघतो. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ साली दाखवलं की या चार जोड्या बिग फाइव्ह या आज अधिक मान्य असलेल्या मापनाशी जुळतात: सेन्सिंग-इंट्यूशनची जोडी अनुभवाच्या खुलेपणाशी, थिंकिंग-फीलिंगची जोडी मिळतंजुळतं घेण्याच्या वृत्तीशी. म्हणजे मोजलं जातंय ते खरं आहे. चार जोड्यांतून होणारे त्याचे १६ कप्पे मात्र तितके पक्के नाहीत. म्हणून ‘मी इंट्यूशनचा, मला तपशील जमत नाही’ अशी सबब किंवा पाळकाची नेमणूक करताना लावलेली चाळणी असा याचा वापर करू नये. चार प्रश्न म्हणून वापर केला तर शिक्का चुकला तरी उपदेशाचं नुकसान होत नाही.

मराठी मंडळ्यांना वरची टक्केवारी जशीच्या तशी लावता येणार नाही. ती इंग्लंडमधल्या एका पंथाची आहे. मुंबई-नाशिकची अँग्लिकन परंपरा १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, तेव्हा नातं आहे, पण माणसं आणि मंडळ्या वेगळ्या. आपल्याकडे मात्र एक तयार साधन आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर भागातल्या ख्रिस्ती कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण आणि उत्तररंगाचं आख्यान असा साचा आला. निरूपणात अर्थ आणि युक्तिवाद येतो, आख्यानात प्रसंग आणि माणसं. चारही कागदांना तिथे जागा आहे. सिफ्टचा क्रम पाळायचा तर तयारी करताना आख्यान आधी बांधावं आणि निरूपण त्यातून काढावं, सादर करताना पूर्वरंग पहिला आला तरी चालेल.

शनिवारी लिहिलेला उपदेश हातात घेऊन एक शेवटची तपासणी करावी. चार रंगांच्या पेन्सिली घ्या आणि प्रत्येक वाक्याखाली ते ज्या कागदावरून आलं त्या रंगाची रेघ ओढा. एखादा रंग पूर्ण पानभर दिसलाच नाही, तर तो कागद पुन्हा काढून त्यातलं एक वाक्य आत घाला आणि जास्त झालेल्या रंगातलं एक काढा.